गणित-विज्ञानासाठी सरकारी मदत: नव्या शिक्षकानं पहिल्या वर्षी काय, केव्हा आणि कसं मिळवायचं

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून नियुक्ती मिळाली आणि तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवायला रुजू झालात. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतं, ‘साहित्य काही नाही आपल्याकडे, खडू-फळ्यावरच भागवायचं.’ बहुतेक शाळांत हे पूर्ण खरं नसतं. या दोन विषयांसाठी केंद्र आणि राज्य सरकारकडून पैसा, साहित्य, शिष्यवृत्त्या आणि प्रशिक्षणं येत असतात. अडचण एवढीच की ती एका खिडकीतून येत नाहीत. काही समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या केंद्रीय योजनेतून येतात, काही दिल्लीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडून, काही नीती आयोगाकडून, काही पुण्याच्या परीक्षा परिषदेमार्फत. प्रत्येकाचं पोर्टल वेगळं आणि मुदतही वेगळी. नव्या माणसाला हे सगळं एकदम कळत नाही आणि तोवर वर्ष सरतं.

माझा आग्रह असा की नवं काही मागण्याआधी आलेलं शोधा, आणि मागायचं तेव्हा एका ठरावीक धड्यासाठी किंवा एका ठरावीक मुलासाठी मागा. ‘प्रयोगशाळा साहित्य मिळावे’ असा अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतो. ‘आठवीच्या प्रकाशाच्या धड्यासाठी चार सपाट आरसे’ या मागणीवर मुख्याध्यापकांना लगेच काहीतरी करता येतं.

पहिली पायरी: कपाट उघडा

जूनमध्ये, शाळा भरल्यावर पहिल्या पंधरवड्यातच मुख्याध्यापकांच्या परवानगीनं सगळी कपाटं, ट्रंका आणि माळे बघून घ्या. अनेक जिल्हा परिषद शाळांत गणित पेटी आलेली असते: मणिमाळ, दशकाचे दांडे, नाणी-नोटा, अपूर्णांकाच्या चकत्या, भूमितीच्या आकृत्या. विज्ञान पेटीत भिंगं, लोहचुंबक, परीक्षानळ्या, तारा आणि बल्ब निघतात. पहिली-दुसरीच्या वर्गासाठी केंद्र सरकारनं २०२३ साली आणलेला जादुई पिटारा, म्हणजे खेळातून शिकण्याच्या साहित्याची पेटीही एखाद्या कोपऱ्यात असू शकतो. बऱ्याच ठिकाणी या पेट्यांचं सील अजून तसंच असतं.

ते का तुटलेलं नसतं, हे समजून घ्या, कारण उद्या तीच भीती तुमच्यापर्यंत येणार आहे. वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरला चढते. ती फुटली-हरवली तर आपल्याकडून भरून घेतील, असं शिक्षकांना वाटतं. म्हणून पेटी कुलपात सुरक्षित राहते आणि मुलं चित्रातलं भिंग बघून उत्तर लिहितात. खरं तर सरकारी नियमांत यासाठी सोय आहे. रसायनं, लिटमस कागद, दोरा, बॅटरीचे सेल या उपभोग्य वस्तू. त्या वापरून संपायच्याच असतात. त्यांची वेगळी नोंदवही ठेवा आणि कोणत्या तारखेला, कोणत्या वर्गाला, कोणत्या प्रयोगासाठी किती खर्ची पडलं ते लिहा. टिकाऊ वस्तू वापरताना तुटली तर त्याच दिवशी तारीख आणि कारण लिहून मुख्याध्यापकांची सही घ्या. वर्षाच्या शेवटी अशा वस्तूंची यादी निर्लेखनासाठी, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी करण्यासाठी पाठवता येते. शिकवताना फुटलेली परीक्षानळी लपवण्याची गोष्ट नाही. नोंद नसलेली वस्तूच पुढे त्रास देते.

पेटी उघडली की पाठ्यपुस्तक शेजारी घ्या आणि कोणत्या धड्याला कोणती वस्तू लागेल ते एका कागदावर उतरवा. उरलेल्या रिकाम्या जागा हीच तुमची खरी मागणी-यादी. एनसीईआरटी या केंद्राच्या शैक्षणिक संशोधन संस्थेनं आपल्या विज्ञान आणि गणिताच्या संचांसाठी हस्तपुस्तिका केल्या आहेत, त्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. तुमच्याकडचा संच दुसऱ्या बनावटीचा असला तरी प्रयोग मांडण्याच्या पद्धती कामाला येतात.

दुसरी पायरी: युडायस, व्यवस्थापन समिती आणि शाळा अनुदान

शाळेचा अकरा अंकी युडायस क्रमांक, म्हणजे देशभरच्या शाळांच्या माहिती-नोंदीतला तिचा ओळख क्रमांक, पाठ करून टाका. महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ नं होते. पुढचं प्रत्येक पोर्टल तो विचारतं. युडायस प्लसवर भरलेली पटसंख्या आणि सोयी-सुविधांची माहिती हाच वरच्या कार्यालयांसाठी शाळेचा चेहरा असतो. विज्ञान पेटी किंवा ग्रंथालय याबद्दल तिथं चुकून ‘आहे’ भरलं गेलं असेल, तर तुमची मागणी वर कुणाला पटणार नाही. माहिती भरायची वेळ आली की मुख्याध्यापकांसोबत बसा.

२०१८ मध्ये सर्व शिक्षा अभियान, राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक शिक्षणाची योजना एकत्र करून समग्र शिक्षा आली. तिच्यातलं संयुक्त शाळा अनुदान सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांना पटानुसार मिळतं. १०० ते २५० पटाच्या शाळेसाठी ५०,००० रुपये आणि १,००० च्या वर पट असेल तर १ लाख, अशा पायऱ्या आहेत. लहान शाळांचा आकडा बराच कमी. यातूनच वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, स्टेशनरी भागवायची असते आणि किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. त्यामुळे विज्ञानाच्या वाट्याला मोठी रक्कम येईल, ही अपेक्षा ठेवू नका. पण हजार-दोन हजारांच्या उपभोग्य साहित्याला जागा नक्की असते, फक्त मागणी वेळेत हवी. ग्रंथालयासाठीचं अनुदान वेगळं असतं. विज्ञानाची मराठी पुस्तकं त्यातून आणता येतात.

हा खर्च शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावानं होतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात. शाळा विकास आराखडाही हीच समिती करते. म्हणून तुमची मागणी-यादी बैठकीत नुसती वाचू नका. दोन मुलांना बोलवा आणि त्या भिंगातून, त्या चुंबकावर पालकांसमोर एक प्रयोग करून दाखवायला सांगा. आपली मुलगी समजावून सांगते आहे हे पाहिलेले पालक ठरावाच्या वेळी गप्प बसत नाहीत. खरेदी झाली की दरपत्रकं, बिल, साठ्याची नोंद आणि ठरावाची प्रत एकाच फायलीत लावा. मार्चअखेर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला द्यावा लागतो आणि खर्च न झालेली रक्कम हातची जाते, त्यामुळे दिवाळीपूर्वी खरेदी उरकलेली बरी.

मोठ्या गोष्टी, म्हणजे खोली, टेबलं, विज्ञान संच, या अनुदानातून होत नाहीत. त्यांची मागणी केंद्रप्रमुखांमार्फत गटसाधन केंद्राकडे लेखी द्या. पुढच्या वर्षाची वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रक आदल्या हिवाळ्यापासून तयार व्हायला लागतं. जूनमध्ये दिलेला अर्ज चालू वर्षासाठी उशिराचा ठरतो. ग्रामपंचायत विकास आराखड्यातही शाळेचं काम घालता येतं. ग्रामसभेआधी सरपंचांना आणि ग्रामसेवकांना भेटा.

तुमची शाळा खासगी अनुदानित असेल तर संयुक्त शाळा अनुदानाची ही वाट तुम्हाला लागू होत नाही, तिथं वेतनेतर अनुदानाकडे बघावं लागतं. पुढच्या दोन पायऱ्या मात्र तुमच्यासाठीही आहेत.

तिसरी पायरी: इन्स्पायर अवॉर्ड-मानक

मला ही योजना सगळ्यांत जवळची वाटते, कारण तिच्यात मुलाच्या डोक्यातल्या कल्पनेला सरकार थेट पैसे देतं. विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि गांधीनगरजवळचं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान मिळून ती चालवतात. सुरुवातीला सहावी ते दहावीपर्यंत असलेली योजना आता बारावीपर्यंत नेली आहे. सरकारी, अनुदानित, खासगी, कोणतीही मान्यताप्राप्त शाळा भाग घेऊ शकते. एका शाळेला पाच कल्पना पाठवता येतात. देशभरातून निवडलेल्या प्रत्येक कल्पनेसाठी विद्यार्थ्याच्या बँक खात्यात १०,००० रुपये जमा होतात. त्यातून प्रतिकृती करायची आणि जिल्हास्तरीय प्रदर्शनात मांडायची. तिथून राज्य आणि मग राष्ट्रीय स्तर.

काम असं करा. आधी या योजनेच्या ई-मियास पोर्टलवर शाळेची एकदाच करायची नोंदणी झाली आहे का, ते बघा. झालेली असते, पण आधीचे शिक्षक बदलून गेले आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला, असं फार ठिकाणी होतं. तो परत मिळवा आणि मुख्याध्यापकांच्या नोंदवहीत लिहून ठेवा. नामांकनं साधारण जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत घेतली जातात. त्या वर्षीची नेमकी मुदत पोर्टलवर बघा. शेवटच्या दिवसांत साइट संथ होते, गावातलं नेट त्याहून संथ. ऑगस्टअखेर अर्ज भरून टाका.

कल्पना कुठून आणायच्या, हा खरा प्रश्न. यूट्यूबवरून प्रकल्प उतरवून घेऊ नका. ज्वालामुखी, ठिबक सिंचनाची प्रतिकृती, सौर पथदिवा, पाणी भरल्यावर वाजणारा भोंगा हे परीक्षकांनी इतक्या वेळा पाहिलेलं असतं की ते पहिल्याच चाळणीत गळतं. कल्पना नवी आहे का, लोकांच्या उपयोगाची आहे का, वापरायला सोपी आहे का, पर्यावरणाला धरून आहे का आणि आहे त्या उपायापेक्षा सरस आहे का, हे तिथं तपासतात.

म्हणून जूनपासून वर्गात एक अडचणींची वही ठेवा. घरी, शेतात, बाजारात, एसटीत कुणाचं काय अडतं ते मुलांनी तिच्यात लिहायचं. उपाय लगेच लिहायचा नाही, फक्त अडचण. हंगाम संपल्यावर ठिबकच्या नळ्या गुंडाळताना वडिलांचे हात कापतात. चाळीतला कांदा आतून सडला हे वास आल्यावरच कळतं. आजीला गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचता येत नाही. एका महिन्यात अशी पानं भरतात. मग त्यातल्या चार-पाच अडचणींवर गटांनी विचार करायचा. मुलं जे सुचवतील ते कच्चं असेल, असू दे. निवडीच्या टप्प्यावर कल्पना लागते, तयार यंत्र नाही. वर्णन मराठीत लिहिलं तरी चालतं, सोबत हातानं काढलेलं चित्र द्या. मुलीनं ‘माझी आई वाकून वाकून थकते’ असं लिहिलं असेल तर ते वाक्य तसंच ठेवा. तुमच्या शुद्ध पारिभाषिक मराठीपेक्षा ते जास्त सांगून जातं.

अर्ज भरताना आधार कार्डावरचं नाव, शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव आणि बँक पासबुकावरचं नाव एकसारखं हवं. खातं विद्यार्थ्याच्या नावाचं आणि चालू असलेलं हवं, कारण व्यवहार नसल्यानं गोठलेल्या खात्यात रक्कम येत नाही. आणि निवड झाली तर त्या पैशातून बाजारची तयार प्रतिकृती आणून मुलाच्या हातात देऊ नका. गावातला वेल्डर, सुतार, मोटार रिवाइंड करणारा कारागीर यांच्याकडे मुलाला घेऊन जा. त्या दुकानात तो जे मोजमाप, जो कोन आणि जो दाब शिकेल तेच या योजनेचं खरं फळ आहे.

चौथी पायरी: आठवीची एनएमएमएस परीक्षा

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती (एनएमएमएस) हे नाव वाचून ती गणित-विज्ञानाची मदत आहे असं कुणाला वाटत नाही. पण शालेय क्षमता चाचणीच्या ९० प्रश्नांपैकी ३५ विज्ञानाचे आणि २० गणिताचे असतात. उरलेले ३५ समाजशास्त्राचे. दुसरा पेपर बौद्धिक क्षमता चाचणीचा, तोही ९० प्रश्नांचा, आणि त्यात संख्यामालिका, आकृतिबंध येतात. म्हणजे तुमचे दोन विषय पक्के झालेलं मूल इथं उभं राहतं.

निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, चार वर्षांत ४८,००० मिळतात. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ आहे. शाळा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित हवी. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ५० टक्के चालतात. परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद साधारण डिसेंबरमध्ये घेते.

उत्पन्नाच्या दाखल्याचं काम ऑगस्टमध्येच सुरू करा. मजुरीला जाणाऱ्या पालकाला तहसीलला दोन चकरा मारायला लावणं म्हणजे दोन दिवसांची रोजंदारी बुडवणं. सेतू केंद्रावर कोणती कागदपत्रं लागतात ते आधी विचारून घ्या आणि पालकांना यादी लिहून द्या. अभ्यासासाठी रोजची अर्धा तास जादा तासिका पुरते. परिषदेच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्या, मात्र मुलांना उत्तराचा पर्याय पाठ करू देऊ नका. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नामागचा धडा परत उघडायचा.

निकाल लागला, सत्कार झाला, की शाळा मोकळी होते आणि इथंच मुलांचं नुकसान होतं. निवड झालेल्या मुलानं राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो, आणि पुढे दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. आठवीनंतर मूल दुसऱ्या हायस्कुलात जातं. तिथल्या शिक्षकांना हे ठाऊक नसतं आणि पहिल्या वर्षाचे पैसेच येत नाहीत. तुमच्या शाळेतून गेलेल्या अशा प्रत्येक मुलाची नवी शाळा आणि पालकांचा फोन नंबर लिहून ठेवा आणि अर्ज भरेपर्यंत पाठपुरावा करा. अकरावीत शिष्यवृत्ती चालू राहण्यासाठी दहावीला ६० टक्के लागतात, हेही पालकांच्या कानावर घाला. परीक्षेत पात्र ठरून कोट्यात न बसलेल्या मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी संस्थेची वर्षाला ९,६०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे.

पाचवी पायरी: विज्ञान प्रदर्शन

तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्यांनी ते भरतं. सहावी ते आठवी हा एक गट, नववी ते बारावी दुसरा. शिक्षकांच्या शैक्षणिक साहित्यासाठी वेगळा विभाग असतो आणि प्रयोगशाळा सहायक-परिचरांसाठीही. मुख्य विषय आणि उपविषय एनसीईआरटी दरवर्षी ठरवते. परिपत्रक आलं की उपविषय नीट वाचा, कारण चांगला प्रकल्प चुकीच्या उपविषयात टाकल्यानं मागे पडतो. गणितीय प्रतिमानांना इथं जागा असते आणि तिथं चुरस कमी असते. बाजारहाटातले हिशेब, दुधाच्या फॅटचा दर, पाण्याच्या टाकीचं गणित असं काही घेऊन जाणाऱ्या शाळा मला अजून फार कमी दिसतात.

सहावी पायरी: माणसं गाठा

९ जुलै २०१५ रोजी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय आविष्कार अभियान सुरू झालं. सहा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठीचं हे अभियान आता समग्र शिक्षेचाच भाग आहे. शाळेला उच्च शिक्षण संस्थेशी जोडून द्यावं, हा त्याचा एक गाभा. व्यवहारात आयआयटी तुमच्या शाळेत चालत येणार नाही, पण तालुक्याच्या वरिष्ठ महाविद्यालयातला भौतिकशास्त्र विभाग येऊ शकतो. मुख्याध्यापकांच्या पत्रानं तिथल्या प्राचार्यांना भेटा. मुलांना सूक्ष्मदर्शकातून कांद्याच्या पापुद्र्याची पेशी दाखवायला अर्धा दिवस पुरतो. शैक्षणिक भेटीसाठी मुंबईचं नेहरू विज्ञान केंद्र, नागपूरचं रमण विज्ञान केंद्र आणि सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडच्यांना जवळचं पडणारं पणजीचं गोवा विज्ञान केंद्र आहे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करण्याचं अरविंद गुप्ता यांचं काम इथून शाळांपर्यंत पोचलं.

स्वतःच्या तयारीसाठी मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र कायम नजरेसमोर ठेवा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा हा विभाग आहे. ऑलिम्पियाडपलीकडे आठवी ते दहावीसाठी विज्ञान प्रतिभा नावाचा त्यांचा उपक्रम आहे, त्यातले पाठ मोफत उतरवून घेता येतात. ‘डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा’ मात्र वेगळी. ती मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांची संघटना घेते, तिला शुल्क असतं आणि ती सरकारी योजना नव्हे. पालक या दोन्ही गोष्टी नेहमी एकच समजतात.

जिल्ह्यात डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, आणि गटात विषय साधनव्यक्ती ही तुमची हक्काची माणसं. केंद्राच्या शिक्षण परिषदेत गप्प बसू नका. अपूर्णांकांचा भागाकार मुलांना कळत नाही, असं नेमकं सांगा आणि त्यावर पुढच्या परिषदेत पाठ घ्यायला सुचवा. दीक्षा ॲपवर बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड उघडतात आणि प्रशिक्षणाचे अभ्यासक्रमही असतात.

अटल टिंकरिंग लॅब

मुलांनी स्वतःच्या हातानं वस्तू घडवून बघायची ही शाळेतली कार्यशाळा. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनची ही योजना. एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान: १० लाख उभारणीला, १० लाख पाच वर्षांच्या चालवणुकीला. देशात १०,००० लॅब झाल्या आणि २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी ५०,००० जाहीर झाल्या. पहिल्या वर्षी यामागे लागू नका. मोकळी मोठी खोली, वीज, इंटरनेट आणि वेळ देणारा शिक्षक, हे चारही असतील तेव्हाच अर्ज करा. तोवर तालुक्यात कुठल्या शाळेत लॅब आहे ते शोधा. आसपासच्या मुलांनाही तिचा लाभ मिळावा, हा योजनेचाच हेतू आहे. विनंती केली तर एक शनिवार तुमच्या मुलांना मिळू शकतो.

जुन्या याद्या आणि पुढची वाट

शाळेच्या भिंतीवर किंवा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्यांत अजून एनटीएसई (राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा) आणि केव्हीपीवाय (किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना) दिसतात. एनटीएसई २०२१ पासून थांबलेली आहे, केव्हीपीवाय २०२२ मध्ये बंद झाली. ती नावं खोडा, म्हणजे मुलं त्यांच्या तयारीत वेळ घालवणार नाहीत.

माजी विद्यार्थ्यांना सांगण्यासारखं मात्र बरंच आहे. नववी ते बारावीच्या मुलींसाठी विज्ञान ज्योती हा कार्यक्रम जवाहर नवोदय विद्यालयांच्या मदतीनं चालतो. तुमच्या जिल्ह्यातल्या नवोदय विद्यालयात चौकशी करा. बारावीला मंडळात अव्वल १ टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाची पदवी घेणाऱ्यांना इन्स्पायरची उच्च शिक्षण शिष्यवृत्ती मिळते, वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत, त्यातले २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. अभियांत्रिकी-वैद्यकीयला जाणाऱ्यांना ती नाही. गावातल्या हुशार मुलाला बीएस्सी करायची इच्छा असते आणि घरचे ‘त्यात काय मिळणार’ म्हणून अडवतात, तेव्हा हा आकडा सांगायला तुम्ही स्वतः त्या घरी जा. बारावीचा निकाल लागल्यावर पात्रता गुण जाहीर झाले का आणि अर्ज कधी सुरू होतात, ते इन्स्पायरच्या पोर्टलवर बघत राहा.